तळघरातला गुत्ता आणि वरचे शहर

युरोप-अमेरिकेतल्या अद्भुतकथांमध्ये एक जागा पुन्हा पुन्हा भेटते. शहर कल्पित असते. त्याचे राजवाडे, देवळे, बाजारपेठा कल्पित असतात. आणि या सगळ्याच्या खाली, एका अरुंद जिन्याने उतरून गेले की चोर-दरोडेखोरांचा गुप्त गुत्ता लागतो. तिथे खिसेकापू, मारेकरी, चोरीचा माल घेणारे एका बाकावर बसून पितात. नगराचा शिपाई तिथे पाऊल टाकत नाही. आपल्या महाविद्यालयांतल्या मुलांना ही जागा आता पुस्तकांपेक्षा खेळांतून आणि चित्रपटांतून अधिक ठाऊक असते.

ही केवळ करमणूक आहे असे म्हणून आपण पुढे जाऊ शकत नाही. गुन्हेगार कोण असतो आणि त्याला गुन्हेगार कोण ठरवतो, या दोन प्रश्नांची उत्तरे हा गुत्ता रंगवणाऱ्याने कळत-नकळत दिलेली असतात. ती उत्तरे तपासण्याचे कारण आपल्याजवळ इतरांपेक्षा जास्त आहे.

या गुत्त्याचा एक जुना पूर्वज स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस याच्या 1613 साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत सापडतो. दोन भुरटी पोरे सेव्हिल शहरात येऊन चोरी करतात. लगेच त्यांना सांगण्यात येते की या शहरात चोरीसुद्धा मोकळी नाही. आधी मोनिपोदिओ या मुखियाकडे नाव नोंदवावे लागते. त्याच्या घराच्या चौकात ही मंडळी जमतात. चोरीतला काही हिस्सा देवाच्या दिव्याच्या तेलासाठी काढला जातो. कोणाला किती वार करायचे, त्याचे पैसे किती आले, याची वही असते. शहराचा एक पोलीस अंमलदार मुखियाचा स्नेही असतो. मुखियाला मात्र वाचता येत नाही. वही वाचून दाखवायला त्या दोघांतले वाचता येणारे पोरगे पुढे करावे लागते.

सर्व्हान्तेस काय दाखवतो आहे? वर जी व्यवस्था आहे तीच खाली आहे. हिस्सा, हिशेब, धर्मकृत्य, अधिकाऱ्याची मैत्री, सगळे तेच. फरक एवढाच की वरच्याला राज्य म्हणतात आणि खालच्याला टोळी.

व्हिक्टर ह्यूगो याने 1831 साली हेच चित्र अधिक तीव्र केले. त्याची 'नोत्र-दाम'वरील कादंबरी 1482 सालच्या पॅरिसमध्ये घडते. भिकाऱ्यांच्या आणि चोरांच्या वस्तीला तिथे 'चमत्कारांचा चौक' म्हणतात. कारण दिवसभर आंधळे-लंगडे म्हणून भीक मागणारे रात्री तिथे परतले की त्यांना दिसू लागते, चालता येते. क्लोपँ हा त्यांचा राजा. त्याचे सिंहासन म्हणजे एक पिंप. वाट चुकून तिथे आलेल्या एका गरीब कवीवर खटला चालतो. घुंगरे लावलेल्या बुजगावण्याच्या खिशातून घुंगरू न वाजवता थैली काढता आली तर टोळीत प्रवेश, नाहीतर फास. तुम्ही आम्हाला जो कायदा लावता तोच आम्ही तुम्हाला लावतो, असे क्लोपँचे म्हणणे.

याच कादंबरीत राजाचे न्यायालयही आहे. तिथे बहिऱ्या क्वासिमोदोचा न्याय करायला बसलेला न्यायाधीश स्वतः बहिरा आहे. दोघांनाही एकमेकांचे ऐकू येत नाही, पण चाबकांची शिक्षा मात्र ठोठावली जाते. आता या दोन न्यायालयांतले कोणते अधिक हास्यास्पद? ह्यूगो उत्तर देत नाही. दोन्ही शेजारी ठेवतो. ते पुरेसे आहे.

पुढे याच वस्तीतल्या एका जुन्या बुरुजात, बुटक्या दारातून खडा जिना उतरून जावे लागते अशा गुत्त्यात, क्लोपँ शस्त्रे वाटतो. चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या एस्मेराल्डाला सोडवायला ही माणसे निघतात. पण वर एकटा असलेला क्वासिमोदो त्यांना शत्रू समजतो आणि त्यांच्यावर दगड व वितळलेले शिसे ओततो. दोघांनाही तिलाच वाचवायचे असते. समाजाने टाकलेला माणूस समाजाने टाकलेल्यांनाच मारतो, आणि उरलेले काम राजाचे सैनिक पुरे करतात. चळवळीतल्या कार्यकर्त्याने हे प्रकरण एकदा तरी वाचावे. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

विसाव्या शतकात हा गुत्ता पूर्णपणे कल्पित नगरांत गेला. फ्रिट्झ लायबर या अमेरिकन लेखकाच्या लँकमार नगरात चोरांचा संघ एखाद्या कंपनीसारखा चालतो. 1970 सालच्या एका कथेत संघाबाहेरचे दोन चोर संघाच्याच चोरांना लुटतात, तेव्हा संघ त्यांच्या प्रिय स्त्रियांचा जीव घेतो. म्हणजे मक्तेदारी तळघरातही आहे. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने तर आपल्या कल्पित नगरात चोरांच्या संघाला कायदेशीर मान्यताच देऊन टाकली. वर्षाला किती चोऱ्या करायच्या हे ठरलेले, लुटल्यावर पावती मिळते, आणि परवान्याशिवाय चोरी करणाऱ्याचा बंदोबस्त संघच करतो. वाचक हसतो, पण पावती देऊन केलेली लूट त्याने कुठे तरी पाहिलेली असते.

इथवर हे साहित्य आपल्या बाजूचे वाटते. वरच्या शहराची लबाडी ते खालून दाखवते. परंतु एक गोष्ट या बहुतेक कथांत समान आहे: गुत्त्यात माणूस जिना उतरून येतो. कोणी भुकेने, कोणी साहसाच्या ओढीने. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ 1974 साली आला आणि पुढच्याच वर्षी त्यात 'चोर' ही भूमिका आली. खेळणारा ती स्वतः निवडतो. चोरांची सांकेतिक भाषासुद्धा त्याला मिळते. खेळ संपला की तो उठून घरी जातो.

आपल्या देशात हा जिनाच नव्हता. 1871 साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली. संपूर्ण जमात गुन्हेगार म्हणून घोषित करायची, माणसांची नोंदणी करायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय हिंडू द्यायचे नाही. सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाच्या आत वसाहती उभ्या राहिल्या. इथे प्रवेशासाठी थैली काढून दाखवावी लागत नव्हती. जन्म पुरेसा होता. जन्मावरून व्यवसाय ठरवणाऱ्या समाजात इंग्रजांना हा कायदा समजावून सांगावा लागला नाही. जन्माने पुजारी असू शकतो तर जन्माने चोर का नसावा, हे तर्कशास्त्र इथे आधीच तयार होते. आणि याच परंपरेतल्या 'मृच्छकटिका'त शर्विलक हा ब्राह्मण घर फोडताना भिंत जानव्याने मोजतो, तरी त्याच्या चोरीवरून कोणी त्याची जात चोर ठरवत नाही. तो रसिकांचा लाडका राहतो.

31 ऑगस्ट 1952 रोजी या जमाती विमुक्त झाल्या. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' 1987 साली आले, तेव्हा मराठी वाचकाला तळघर आतून दिसले. तिथे धुंद दिवे नाहीत, मद्याचे प्याले नाहीत. भूक आहे आणि पोलिसांची धाड आहे. कायदा गेला तरी नजर गेली नाही. विमुक्तांना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तुरुंग-नियमांतल्या तरतुदी रद्द करायला 2024 साल उजाडावे लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाला करावे लागले.

म्हणून शिक्षकांनी या कथा मुलांच्या हातून काढून घेऊ नयेत. त्या त्यांच्याबरोबर वाचाव्यात आणि तीन प्रश्न विचारावेत. गुत्त्यातली माणसे जिना उतरून आली, की तिथेच जन्मली? त्यांना वर जाता येते का? आणि दाराची किल्ली कोणाच्या कमरेला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा कथेतच मिळतील. तिसऱ्याचे उत्तर शोधायला मुलांना पुस्तक मिटून वरच्या शहराकडे पाहावे लागेल.