पारा चाळिशीपार, मोबाइल, लॅपटॉपची बॅटरी जपा

छत्रपती संभाजीनगर : एप्रिल उजाडला की शहराचे लक्ष चिकलठाणा वेधशाळेतील पाऱ्याकडे लागते. तो चाळिशी ओलांडू लागला, की नागरिक दुपारची कामे सकाळीच उरकतात, डोक्याला रुमाल बांधतात, कूलर दुरुस्त करून घेतात. खिशातल्या मोबाइलची मात्र कोणी चौकशी करीत नाही. मग तो आपल्या परीने तक्रार करू लागतो. भर दुपारी क्रांती चौकातून सिडकोकडे निघालेल्या दुचाकीस्वाराच्या हँडलवरील मोबाइलचा पडदा एकाएकी मंद होतो, चार्जिंग अर्ध्यावर थांबते, कॅमेऱ्याचा फ्लॅश चालेनासा होतो. कधी फोन थंड होऊ देण्याची सूचनाच पडद्यावर झळकते. फोन बिघडला असे समजून तो दुरुस्तीला टाकला जातो. वास्तविक अशा वेळी बहुधा काहीही बिघडलेले नसते. फोन स्वतःला वाचवीत असतो.

आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा, असे ॲपल कंपनी सांगते. इतर कंपन्यांच्या मर्यादाही साधारण याच आसपास आहेत. मराठवाड्यातील मे महिन्यात ही मर्यादा दुपार होण्यापूर्वीच ओलांडली जाते. त्यात नकाशा चालू, पडद्याचा उजेड पूर्ण आणि वर चार्जिंगची वायर लावलेली, असा तिहेरी भार पडला, की फोनने मान टाकली तर नवल नाही. यावर उपाय सोपा आहे. वायर काढावी, मागचे कव्हर काढावे, फोन सावलीत किंवा पंख्याखाली ठेवून पंधरा-वीस मिनिटे विसरून जावे. लवकर थंड व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवण्याचा उद्योग मात्र करू नये. गारठलेल्या फोनला बाहेरची उष्ण हवा लागताच आत पाण्याचे थेंब जमतात आणि नसलेला बिघाड खरोखरच होतो.

घात चार्जिंगचा नव्हे, उष्णतेचा

मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये आज लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्याविषयीचे आपले घरगुती ज्ञान मात्र अजून तिच्या आधीच्या काळातले आहे. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय लावू नये, नवा फोन आधी आठ तास चार्ज करावा, हे सल्ले निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांसाठी होते. लिथियम-आयन बॅटरीला थोडे थोडे चार्जिंग मानवते. वारंवार शून्यावर नेणेच तिला बाधते.

तिचा खरा वैरी उष्णता. बॅटरीतील द्रव रसायने तापली की नको त्या अभिक्रिया वेगाने होतात आणि गेलेली क्षमता परत येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ही झीज आणखी वाढते. 'बॅटरी युनिव्हर्सिटी' या संकेतस्थळावरील तक्ता या बाबतीत बोलका आहे. ४० अंश तापमानात पूर्ण चार्ज करून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे ६५ टक्के उरते. तीच ४० टक्के चार्ज करून ठेवल्यास ८५ टक्के उरते. २५ अंशांत हेच आकडे ८० आणि ९६ टक्के असे आहेत. आपल्या शहरातील उन्हाळा यांपैकी कोणत्या ओळीत बसतो, हे वाचकांना सांगावयास नको.

म्हणूनच फोन रात्रभर चार्जिंगला लावावा की नाही, हा वाद काहीसा गैरलागू ठरतो. बॅटरी भरली की फोन चार्जिंग आपोआप थांबवितो. फोन उशीखाली किंवा गादीवर तापत, शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत तासन् तास पडून राहणे हा खरा अपाय. आयफोन १५ आणि त्यानंतरच्या आयफोनमध्ये, तसेच अनेक अँड्रॉइड फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय सेटिंग्जमध्ये मिळते. उन्हाळ्यापुरती तरी ती चालू करावी. कायम वीजजोडणीवर चालणाऱ्या लॅपटॉपला तर ती अधिक उपयोगी. बहुतेक कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर दिलेले असते.

उभ्या मोटारीत फोन विसरणे सर्वांत महागात पडते. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या २०१८ मधील अभ्यासात, ३८ अंशांपलीकडच्या दिवशी उन्हात उभ्या केलेल्या मोटारींच्या डॅशबोर्डचे तापमान तासाभरात सरासरी ६९ अंशांवर गेल्याचे आढळले. स्कूटरच्या डिकीलाही वरून ऊन आणि खालून इंजिनाची धग लागते. तेव्हा ती हेल्मेटसाठीच ठेवावी.

लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावत असेल आणि काम मंदावले असेल, तर आधी त्याची जागा पाहावी. गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवल्याने खालची झरोकी बुजतात. टेबलावर ठेवूनही फरक पडला नाही, तर आत धूळ साचली असावी. लॅपटॉप बंद करून झरोक्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढता येते. आतील सफाई जाणकाराकडून करून घ्यावी.

बॅटरीचे आरोग्य घरबसल्या तपासता येते. आयफोनमध्ये सेटिंग्जमधील 'बॅटरी' या भागात तिची उरलेली कमाल क्षमता दिसते. विंडोज लॅपटॉपमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ आणि तिला जोडूनच 'बॅटरीरिपोर्ट' असे (अर्थातच इंग्रजी अक्षरांत) टंकावे. तयार होणाऱ्या अहवालात मूळ क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल, तर चार्जर बदलून उपयोग नाही.

फुगलेली बॅटरी कशी ओळखाल?

ऑगस्ट २००७ मधील नोकिया प्रकरण अनेकांना आठवत असेल. चार्जिंग करताना तापण्याच्या शक्यतेमुळे बीएल-५सी या प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून देण्याची तयारी कंपनीने दाखविली होती. तेव्हा फोनचे मागचे झाकण नखाने उघडायचे आणि बॅटरीवरील क्रमांक ताडून पाहायचा. फुगलेली बॅटरी टेबलावर भोवऱ्यासारखी फिरते, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक होते. आता बॅटरी फोनच्या पोटात बंद असते. तिची फुगी नजरेस पडत नाही. बाहेरच्या खुणांवरूनच ती ओळखावी लागते.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या लॅपटॉपचा टचपॅड मागील उन्हाळ्यात दबेनासा झाला. एका दुकानात टचपॅड बदलून घेतला, त्याचे पैसेही मोजले. महिनाभरात नवा टचपॅडही वर उचलला गेला. उघडून पाहिल्यावर खालची बॅटरी पापडासारखी फुगलेली निघाली. महिनाभर त्यावर बातम्या टंकल्या, तो रोज चार्जही केला, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

टचपॅड किंवा कीबोर्ड मध्येच उंच होणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे, मोबाइलचा पडदा एका कडेने चौकटीबाहेर येणे, या त्या खुणा. त्या दिसताच चार्जिंग थांबवावे आणि उपकरण बंद करावे. बॅटरी दाबून बसविण्याचा, टोचून हवा काढण्याचा प्रयत्न करू नये. आतला वायू ज्वलनशील असतो आणि टोचल्याने पेट घेऊ शकतो. उपकरण अंथरूण-पडद्यांपासून दूर, फरशीवर ठेवावे आणि लगेच कंपनीच्या सेवा केंद्राशी संपर्क साधावा.

नवी बॅटरी किंवा पॉवर बँक घेताना दोन-तीनशे रुपये वाचविण्याचा मोह होतो. पैठण गेटला घासाघीस जरूर करावी, पण भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा क्रमांक पाहूनच. 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये तो क्रमांक टाकला, की नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दुकानात उभ्या उभ्या कळते.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचरा दाबला जाताना ती पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी बॅटरी बसविताना जुनी सेवा केंद्रातच ठेवून यावी.