साइडपट्टी कुणाची?

पाच वाजलेत, कॉलेज सुटलंय. तुम्ही सायकलवर, पाठीला सॅक, घर काखे नाहीतर पारगावच्या बाजूला. गळीत हंगाम जोरात आहे, त्यामुळं कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्यांची रांग लागलीय. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर येतोय, टेपवर गाणं फुल्ल, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. नेमकी त्याच वेळी मागून एक कार हॉर्नवर हात ठेवून येते. तुम्ही काय करता? खाली उतरता. डांबर सोडून साइडपट्टीवर. डांबराची कड आणि मुरूम यांच्यात चार बोटांचा फरक असतो. पुढचं चाक दणकन खाली जातं, हँडलला हिसका बसतो. पडला नाहीत तर त्या दिवशी नशीब चांगलं. कार जाते, ट्रॅक्टर जातो, मग सायकल उचलून परत वर.

हे रोज होतं म्हणून आपण त्याला अपघात म्हणत नाही. साधी तक्रारही करत नाही. 'रस्ताच तसा आहे' म्हणतो आणि अठरा पूर्ण व्हायची वाट बघतो. एकदा गाडी हातात आली की साइडपट्टीवर उतरायची पाळी दुसऱ्या कुणावर तरी येते.

मोठ्या शहरांत सध्या ज्यावर भांडण चालू असतं, त्या 'बाईक लेन'चा मुद्दा शेवटी हाच आहे. (आपल्याकडं बाईक म्हणजे पल्सर नाहीतर बुलेट, त्यामुळं आपण सरळ सायकल ट्रॅक म्हणूया.) एक बाजू म्हणते, सायकलवाल्याला रस्त्यावर स्वतःची जागा द्या. दुसरी म्हणते, गाड्यांनाच जागा पुरत नाही, त्यात हे कुठून काढू? दुकानदार म्हणतो, माझ्या दारातलं पार्किंग जाईल. तुम्हाला वाटेल, हा वाद पुण्या-मुंबईचा, वारणानगरला त्याचं काय? पण पुण्यात काय झालं हे नीट पाहिलं तर आपला रस्ताही जरा वेगळा दिसायला लागेल.

पुण्याला एके काळी सायकलींचं शहर म्हणायचे. तुमच्या आजोबांपैकी कुणी तिथं शिकायला किंवा नोकरीला असतील तर विचारा, पेठेतून कंपनीपर्यंत सायकलनंच जायचे. पुढं गाड्या वाढत गेल्या. २०१८ मध्ये तर शहरातल्या नोंदणीकृत गाड्यांचा आकडा ३६ लाखांच्या वर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढं गेल्याच्या बातम्या आल्या. याला उपाय म्हणून सायकल ट्रॅक केलेच नाहीत असं नाही. २००६ नंतर बीआरटी आली, केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा आला आणि बऱ्याच रस्त्यांच्या कडेला ट्रॅक झाले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेनं शहरासाठी सायकल आराखडाही मंजूर केला, त्यात सव्वाआठशे किलोमीटरच्या जाळ्याचं चित्र होतं. त्याच सुमारास ओफो, पेडल, मोबाइकच्या पिवळ्या, हिरव्या, केशरी भाड्याच्या सायकली आल्या. विद्यापीठाच्या आवारात पोरं त्यावर हुंदडायची. दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या.

आणि ट्रॅक? पुण्यात शिकायला गेलेल्या मित्राला एक व्हिडिओ काढून पाठवायला सांगा. पन्नास पावलं ट्रॅक असतो, पुढं झाड. झाडाला वळसा घातला की विजेची डीपी, मग बसस्टॉप, मग वडापावची गाडी. उरलेल्या जागेत दुचाकी लावलेल्या, आणि सिग्नल लाल झाला की मागून येणाऱ्या स्कूटी त्याच ट्रॅकवरून पुढं. चौक आला की ट्रॅक संपतो. जिथं सायकलवाल्याला सगळ्यात जास्त भीती वाटते तिथंच तो उघड्यावर येतो. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएनं गाजावाजा करून केलेल्या ट्रॅकचंही तसंच झालं. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, आणि शेवटी २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं.

विरोध करणारे हेच पुढं करतात. बघा, इतका खर्च केला आणि सायकलवाला कुठं दिसतोय? मला हा युक्तिवाद पटत नाही, पण तो खोटाही नाही. ट्रॅक रिकामे होते हे खरंच आहे. मात्र तुकड्यातुकड्यांचा ट्रॅक वापरात नाही म्हणून सायकलच कुणाला नको, असा निष्कर्ष काढणं म्हणजे ज्या गावात एसटी जातच नाही, तिथं थांब्यावर कुणी उभं नाही म्हणून एसटी नको म्हणण्यासारखं आहे.

स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण इथं उपयोगी आहे. तिथंही सायकल जवळपास संपलेली होती. २००६ नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांनी एकमेकांना जोडलेल्या ट्रॅकचं जाळं एकदमच बांधून काढलं. तुकडा आज, तुकडा पुढच्या बजेटात, असं केलं नाही. त्यासाठी रस्त्याकडेच्या पार्किंगची जागा घेतली, ओरड झाली ती सोसली. सायकलनं होणाऱ्या फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. आणि नेदरलँड्सचं म्हणाल, तर तिथले लोक काही जन्मतः सायकलवेडे नाहीत. १९७१ या एका वर्षात तिथं रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेपेक्षा जास्त मुलं होती. ज्याची मुलगी अशी गेली त्या एका पत्रकारानं लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं 'मुलांचे खून थांबवा'. आईबाप रस्त्यावर बसले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या. आज जे ट्रॅक दिसतात त्यांच्या मागं हे सगळं आहे.

आता आपल्याकडं या.

आपल्याकडच्या वादात एक मुद्दा कुणी काढत नाही, तो वयाचा. तुम्ही अकरावी-बारावीला असाल तर बहुतेक सोळा-सतरा वर्षांचे आहात. कायद्यानं सोळाव्या वर्षी फक्त बिनगिअरची, ५० सीसीच्या आतली गाडी चालवता येते आणि तसली पेट्रोलची गाडी आता शोरूमला मिळणं मुश्कील. अ‍ॅक्टिव्हाला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी ज्युनिअर कॉलेजच्या बाहेर किती अ‍ॅक्टिव्हा उभ्या असतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कायदा ज्या वयाला सायकल आणि एसटी एवढंच ठेवतो, त्या वयासाठी सायकलला धड रस्ता नाही. मग घरचे तरी काय करणार? 'सायकलवर नको, त्यापेक्षा गाडी घेऊन जा, पण हळू जा.'

मुलींच्या बाबतीत तर हा सरळ शिक्षणाचा प्रश्न होतो. बिहारनं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींची नोंदणी जवळपास एकतृतीयांशानं वाढल्याचं दिसलं. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत फरक जास्त होता. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. आता एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे, हे चांगलंच. पण प्रॅक्टिकल लांबलं आणि गाडी चुकली की पुढची कधी, हे ज्या थांब्यावर ताटकळल्यात त्यांना विचारा. सायकलचं टाइमटेबल आपल्या हातात असतं.

पैशाचा हिशोब तर तुम्हीच कराल. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, गाडीचं अ‍ॅव्हरेज पंचेचाळीस, पेट्रोल शंभरच्या वर. महिन्याला सातशे रुपये नुसते जाळायला, पंक्चर-सर्व्हिसिंग वेगळं.

'रस्त्यात जागा कुठाय?' हा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. दुपदरी रस्त्याचं डांबर मानकाप्रमाणं ७ मीटर. मधल्या दर्जाचा रस्ता साडेपाच मीटर. एकेरी असेल तर पावणेचार. उसानं भरलेली ट्रॉली अडीच मीटर तरी जागा खाते. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की अर्धा मीटर उरतो, तो दोघांनी वाटून घ्यायचा. त्यात पुण्यासारखा कठडा घालून ट्रॅक काढला तर ट्रॅक्टर फसणार, बैलगाडी अडकणार, आणि दुसऱ्या दिवशी कठडा कुणीतरी पहारीनं काढणार. ट्रॅक्टरवाल्यालाही दोष देऊन उपयोग नाही. त्यालाही कारखान्यावर नंबर लावायचा असतो, आणि रस्ता त्याचाही आहे.

म्हणून माझं मत असं, की शहरातली लेन उचलून इथं आणू नये. आपल्याकडं ती जागा आधीच आहे, फक्त मुरमाची आहे. साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की करा आणि मध्ये जाड पांढरा पट्टा मारा. सायकलवाला पट्ट्याच्या आत. ट्रॅक्टरला अगदीच लागली तर त्याचं चाक त्यावर येऊ शकेल, पण सायकल खड्ड्यात जाणार नाही. चालणाऱ्या माणसालाही तीच पट्टी कामाला येईल. कोडोलीसारख्या बाजारपेठेत मात्र पट्टा मारून काही होणार नाही, तिथं दुसऱ्या दिवशी भाजीची पाटी बसेल. अशा ठिकाणी वेग कमी करणं हाच उपाय. माणसं आणि गाड्या एकत्र असतील तिथं ताशी ३० ही मर्यादा हवी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी मान्य केलंय. ३० च्या वेगानं बसलेला धक्का आणि ६० च्या वेगानं बसलेला धक्का यांत बहुतेक वेळा हातापायाचं प्लास्टर आणि तिरडी एवढा फरक असतो. आणि कॉलेजच्या आवारात? तिथं ट्रॅक नकोच. गेटजवळ सावलीतला, कुलूप लावता येईल असा स्टँड पुरे. आज कॉलेजांतून गाड्यांना शेड आणि सायकल भिंतीला टेकवलेली, हे चित्र तुम्ही पाहिलं असेलच.

याच वारणेच्या परिसरात १९९८ मध्ये सत्तरेक गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प सुरू झाला होता, तेव्हा मोठ्या शहरांतही फार थोड्या घरी इंटरनेट होतं. त्यामानानं चार गावं साइडपट्टीनं जोडणं हे फारच गावठी काम आहे.

सुरुवात तुम्हाला करता येईल. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल ट्रॅकबद्दलची १९६२ ची जुनी संहिता आहे (२०१५ मध्ये ती सुधारली). तिच्यातला एक निकष अजून लक्षात ठेवण्यासारखा आहे. रस्त्यावर तासाला दोनशेपेक्षा जास्त मोटारगाड्या असतील, तर तासाला फक्त शंभर सायकली असल्या तरी वेगळ्या ट्रॅकचा विचार योग्य ठरतो. दोनशे म्हणजे मिनिटाला तीन-चार. हंगामात ही संख्या किती पटीनं ओलांडली जाते, ते चहाच्या टपरीवर बसूनही कळेल. सायकलींची शंभरी भरते का, हे मात्र शाळा-कॉलेज सुटायच्या तासाला बसून मोजावं लागेल.

मग रस्ता कुणाचा ते बघा. किलोमीटरचा दगड सांगतो. डोकं हिरवं असेल तर राज्यमार्ग, म्हणजे अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. केशरी असेल तर ग्रामसडक. अठरा पूर्ण असाल आणि मतदार यादीत नाव असेल तर ग्रामसभेत उभं राहून हा विषय मांडायचा तुम्हाला हक्क आहे. तिथं आकडे असलेली वही असली की कुणी 'पोरगं आहे, बस खाली' म्हणत नाही. म्हटलंच, तर वही वाचून दाखवा.

मोजायला तिघं तरी लागतील. एक सायकली, एक दुचाकी, एक बाकीचं सगळं. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एक धरायचा की तीन, यावरून पहिल्या दहा मिनिटांत भांडण होईल. त्याच्यासाठी वेगळा रकाना आधीच आखून ठेवा.