गव्हाण भरलेली हवी

पावतीपुस्तक काखेत मारून दारोदार हिंडण्याचा योग आयुष्यात एकदा तरी यावा. माणसे कळतात आणि आपली जीभ किती अडखळते तेही कळते. मला हा योग एका गोठ्याने आणला.

लातूर-नांदेड रस्त्यालगतच्या आमच्या गावाबाहेर काही मंडळींनी झाडे लावून लहानसे निसर्ग केंद्र उभे केले आहे. शाळेची मुले तेथे सहलीला येतात. तेथे देवणी आणि लाल कंधारी जनावरांसाठी गोठा बांधायचे ठरले आणि वर्गणीचे काम माझ्या गळ्यात पडले.

‘गोठाच कशाला?’ हा प्रश्न दारोदारी ठरलेला. उत्तर तयार होते. देवणी लातूरची, लाल कंधारी नांदेडची. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली शेवरा, तोंडाच्या बाजूंना काळी असलेली वानेरा आणि जवळजवळ पांढरी बालंक्या असे देवणीचे तीन प्रकार. गाय दूध देते आणि बैल औताला चालतो. कंधारची तांबडी जनावरेही कष्टाळू. पण ट्रॅक्टर आला आणि दावणी रिकाम्या होत गेल्या. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत ही जनावरे दिसतात. मात्र शहरातल्या मुलाची बैलाशी ओळख पोळ्याच्या मातीच्या बैलापुरतीच उरली आहे.

लोकांनी हात आखडला नाही. कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी पत्रे. पत्र्यावर आपल्या वडिलांचे नाव रंगवावे, एवढीच काहींची अट. पुस्तक भरत आले आणि मी मनातून फुगलो.

एका वाडीवरच्या म्हातारबाबांनी मात्र पावती हातात घेऊन परत दिली. म्हणाले, “भाऊ, पत्रे काय खात्यात व्हय जनावरं? त्यांच्या तोंडात काय घालणार, ते सांगा.”

मला सांगता येईना. रात्री हिशोब मांडला. चारशे किलो वजनाच्या गाईला दिवसाला सुमारे दहा किलो कोरडा चारा हवा. दहा जनावरे म्हणजे रोज एक क्विंटल, वर्षाला ३६५ क्विंटल. पाणी उन्हाळ्यात रोज पाचशे लिटरच्या घरात. गोठा एकदाच बांधायचा. गव्हाण रोज भरायची.

त्यात आमच्या भागात ज्वारीचे रान सोयाबीनने घेतले. पीक रोकड्याचे खरे, पण त्यात कडबा नाही. भुसकटाला जनावर नाइलाजाने तोंड लावते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. माणसांना रेल्वे मिळाली. जनावरांनी चारा छावणीची वाट धरली, नाहीतर बाजाराची. छावणीही पाऊस पडला की उठते. पोट उठत नाही.

लोकांच्या मदतीवर चालणारे प्राण्यांचे घर म्हटले की हेमलकसा आठवते. शिकारीत आई मेलेले माकडाचे पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी घरी आणले आणि त्यातून तिथले प्राण्यांचे अनाथालय वाढले. पाहुणे येतात, कौतुक करतात आणि जातात. पण बिबट्याला आणि अस्वलाला दुसऱ्या दिवशीही भूक लागतेच.

आम्ही बैठक घेतली. वादावादी झाली. नाव रंगवायची आशा धरलेले एक-दोघे रुसलेही. शेवटी वीस जनावरांचा गोठा दहांवर आणला आणि उरलेली रक्कम चाऱ्यासाठी बँकेत मुदतठेवीत ठेवली. पावतीपुस्तकात नवा रकाना आखला: ‘कडबा, पेंढ्या’. ज्यांच्याकडे रोख नाही, त्यांनी सुगीनंतर पेंढी द्यावी. रोख रकमेला लाजणारी घरेही मग पुढे आली. आमच्या रानात शिल्लक असलेली थोडी ज्वारी पहिल्यांदाच उपयोगाची वाटली.

म्हातारबाबांकडे पुन्हा गेलो. त्यांनी कडब्याच्या गंजीकडे बोट दाखवले. “शंभर पेंढ्या लिहा. नाव नको.”

मी पावती फाडली. ती त्यांनी डोक्याच्या पटक्यात खोचली.

वाचकहो, तुमच्या गावात कोणी गोठ्यासाठी वर्गणी मागायला आले, तर जरूर द्या. फक्त एकदा विचारा, गव्हाणीचे काय केले?