घड्याळाशी शर्यत, माणसांशी शर्यत



सुरतेच्या उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. कष्टाच्या भाकरीसाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे त्या वस्तीला निराळे सांगावे लागत नाही. आज ज्या धावपटूची कथा आपणांसमोर मांडावयाची आहे, तेही अशाच एका श्रमजीवी घरातले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा दूर, आणि तेथवरचे जाणेयेणे पायी. पुढे ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचेनच्या हिमप्रदेशात राहिले, आणि विशी ओलांडल्यावर स्पर्धेच्या धावण्याकडे वळले. २०१८ साली भुवनेश्वर येथे त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. सदतीस वर्षे अढळ राहिलेला तो विक्रम होता.

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. इंग्लंडात एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतील कुंपणे व ओढे ओलांडीत धावण्याची जी पद्धत होती, तिच्यावरून हे नाव पडले. आजच्या मैदानावर धावपटूला अठ्ठावीस वेळा अडथळा व सात वेळा पाण्याची खाच ओलांडावी लागते. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची सुमारे ९१ सेंटिमीटर असते. लहान पल्ल्याच्या हर्डल्सप्रमाणे हा अडथळा पाय लागताच आडवा होत नाही. तो जड तुळईचा असतो, आणि चूक झाली तर पडतो तो धावणारा. पल्ल्याच्या दृष्टीने ही शर्यत ८०० व १५०० मीटरच्या पुढची, मध्यम पल्ल्याच्या अगदी सीमेवरची आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. जो धावपटू घड्याळाप्रमाणे अधिक वेगवान, तोच शर्यत जिंकणार, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीत किती फसवे आहे, ते २०२२ सालच्या तीन शर्यतींवरून दिसून येते.

त्या वर्षी जूनमध्ये मोरोक्कोतील रबात येथे साबळे यांनी ८ मिनिटे १२.४८ सेकंद अशी वेळ नोंदविली. जुलैत अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम शर्यत झाली. ती मोरोक्कोच्या सूफियान अल बक्काली यांनी ८ मिनिटे २५.१३ सेकंदांत जिंकली, म्हणजे साबळे यांच्या रबातमधील वेळेहून बारा सेकंदांहूनही अधिक मंद. तरीही साबळे अकरावे आले. त्यांची वेळ होती ८ मिनिटे ३१.७५ सेकंद. सहा आठवड्यांपूर्वी इतका वेगाने धावलेला माणूस त्याहून मंद शर्यतीत अकरावा कसा येतो?

याचे उत्तर शर्यतीच्या रचनेत आहे. निमंत्रितांच्या मोठ्या स्पर्धांत गती राखण्यासाठी निराळे धावपटू नेमलेले असतात. ते पहिल्या काही फेऱ्या ठरलेल्या वेगाने पुढे धावतात व मग बाजूला होतात. मागच्यांनी फक्त त्यांना धरून राहावयाचे. जागतिक, ऑलिंपिक वा राष्ट्रकुल स्पर्धेत असा वाटाड्या नसतो. पुढे धावणाऱ्याला वारा अंगावर घ्यावा लागतो. मागच्याला त्याच्या आडोशाने थोडी शक्ती राखता येते. शिवाय शरीराचाही एक हिशेब असतो. श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूच्या मर्यादेपलीकडे वेग गेला की स्नायूंत आम्लता वाढते आणि पाय जड होतात. ही उधारी कोणी आधी करावयाची, याची प्रत्येकजण वाट पाहतो. सगळेच वाट पाहू लागले की शर्यत रेंगाळते, आणि निकाल शेवटच्या एकदोन फेऱ्यांतील झेपेवर लागतो. यूजीनला तेच झाले. दीर्घकाळ समान वेगाने धावण्यात ज्याचे बळ, त्याचे बळ तेथे वापरलेच गेले नाही.

पुढे तीनच आठवड्यांनी, ६ ऑगस्टला, बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेतील स्टीपलचेस झाली. १९९८ पासून २०१८ पर्यंतच्या सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. येथे मात्र शर्यत रेंगाळली नाही. वेग चढता राहिला, साबळे यांनी केनियाच्या धावपटूंची पाठ सोडली नाही, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात ते अब्राहम किबिवोट यांच्या अगदी खांद्याशी आले. किबिवोट यांची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे यांची ८ मिनिटे ११.२०. सेकंदाचे पाच शतांश म्हणजे त्या वेगाने सुमारे दीड वीत अंतर! सुवर्ण हुकले, परंतु केनियाची ती मक्तेदारी मोडली, आणि राष्ट्रीय विक्रमही त्याच शर्यतीत नवा झाला.

घड्याळ आणि क्रमांक यांची फारकत त्यांना आधीही भोवली होती. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत राष्ट्रीय विक्रम करूनही ते सातवे आले व अंतिम फेरीस मुकले. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत तर प्रत्येक गटातून फक्त पहिले पाच पुढे जावयाचे, वेळेला काहीच किंमत नाही, असा नियम होता. तेथेही ते सातवे आले.

या अनुभवानंतर थोड्याच आठवड्यांनी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझौ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी प्रश्न सोडविला तो साध्या मार्गाने. आरंभापासूनच ते पुढे निघाले. कोणी वाट पाहावी असा प्रसंगच त्यांनी येऊ दिला नाही. ८ मिनिटे १९.५० सेकंद या स्पर्धा-विक्रमी वेळेत सुवर्णपदक मिळाले, आणि दुसरा आलेला जपानी धावपटू चार सेकंदांहून अधिक मागे राहिला.

मग नेहमी पुढेच का धावू नये? तर त्याची किंमत मोठी असते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत आपले श्रीराम सिंग पहिल्या फेरीत सर्वांच्या पुढे होते. ती फेरी त्यांनी ५०.८५ सेकंदांत पुरी केली. त्या वेगाचा लाभ क्यूबाच्या आल्बेर्तो हुआंतोरेना यांनी घेतला आणि १ मिनिट ४३.५० सेकंद असा जागतिक विक्रम केला. श्रीराम सिंग सातवे आले. तथापि त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंद ही वेळ २०१८ पर्यंत भारतात कोणी मोडू शकले नाही. पुढे धावण्याने पदक गेले असेल. पण एका पिढीपुढे मापदंड उभा राहिला.

साबळे यांच्या वाट्यालाही अशी वळणे आली. २०२४ च्या जुलैत पॅरिसच्या निमंत्रित शर्यतीत त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा विक्रम केला. त्याच शहरातील ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरीत पोहोचले व ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत अकरावे आले. यूजीनचा क्रमांक पुन्हा तोच, पण वेळ सतरा सेकंदांनी सरस! या वेळी शर्यत वेगाची होती, आणि जगातील उत्तम धावपटू त्या वेगातही पुढे होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०२५ मध्ये त्यांनी आशियाई अजिंक्यपद मिळविले. पण जुलैत मोनाको येथे पाण्याच्या अडथळ्यापाशी गुडघ्याला दुखापत झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. ज्या तुळईवर अनेक वर्षे हुकमी पाऊल पडले, तिने एका क्षणात आपला हिशेब मागितला.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादेस होणार आहे. सुरतेच्या श्रोत्यांना ती आगगाडीने काही तासांच्या अंतरावर असेल. तेथे कोण धावेल, हे आज कोणी सांगू नये. परंतु स्टीपलचेस पाहावयास बसाल तेव्हा केवळ शेवटच्या फेरीची वाट पाहू नका. पहिला किलोमीटर किती वेळात झाला, वारा कोण अंगावर घेत आहे, पाण्याच्या खाचेशी कोण गर्दीत अडकला आहे, याकडे लक्ष द्या. घड्याळ वेग मोजते. पण वेग केव्हा वापरावयाचा, हे त्या क्षणी एकट्या धावणाऱ्यालाच ठरवावे लागते. दीड वीत अंतराचे सुवर्ण बहुधा तेथेच मिळते किंवा हुकते.