दोरी तुटली म्हणून यंत्र भंगारात घालू नका

मृगाचा पाऊस पडला की मुंबईतील मैदाने आणि बागा पाहता पाहता हिरव्या होतात आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली गवत कापण्याची यंत्रे बाहेर निघतात. गिरगावजवळ मरीन ड्राइव्हवर ओळीने असलेली पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांची मैदाने असोत किंवा दादर-माटुंग्याचे फाईव्ह गार्डन असो, गवत वेळेवर कापावेच लागते. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग तर पावसाळी क्रिकेटसाठीच ओळखली जाते. अशा वेळी माळी यंत्राची दोरी ओढतो आणि मूठ तुटलेल्या दोरीसह हातात येते. कोणीतरी सांगतो, "इंजिन जुने झाले, नवे घ्या." पुष्कळदा इंजिन धडधाकट असते, फक्त दोरी गेलेली असते.

हे काम आपल्या कारागीर बांधवांनी नीट शिकून घ्यावे, असे आम्हाला वाटते. लालबाग-परळच्या मंडपवाल्यांकडील छोट्या पेट्रोल जनरेटरला आणि पाणी उपसण्याच्या छोट्या पेट्रोल पंपसंचालाही बहुधा अशीच दोरी असते. एक हुनर हाती आला तर तीन प्रकारचे गिऱ्हाईक मिळते.

रचना अशी असते

झाकणाखाली एक चरखी असते व तिच्यावर दोरी गुंडाळलेली असते. चरखीच्या पोटात घड्याळातल्यासारखी चपटी, गुंडाळलेली स्प्रिंग असते. दोरी ओढली की चरखी फिरते आणि सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तसे कुत्ते बाहेर येऊन इंजिनाला पकडतात. इंजिन सुरू झाले की कुत्ते सुटतात आणि स्प्रिंग दोरी परत आत ओढून घेते.

आधी दोष ओळखा

दोरी ओढली जाते, पण परत जात नाही, तर स्प्रिंग तुटली किंवा तिचा आकडा निसटला. दोरी सहज येते-जाते, पण इंजिन फिरत नाही, तर कुत्ते झिजले किंवा धूळ-मातीने अडकले. दोरी हलतच नसेल, तर आधी प्लगची तार काढा आणि पात्याखाली गवत अडकले आहे का ते पाहा. काही यंत्रांत दांड्यावरची पट्टी दाबून धरल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, हेही ध्यानात ठेवा. यंत्र भलत्या बाजूला कलते करून ठेवले असेल, तर सिलिंडरमध्ये तेल शिरूनही दोरी अडते. म्हणून यंत्र कलते करताना प्लगची बाजू वर ठेवावी.

दोरी हाताला उलटा हिसका देत असेल, तर पाते दगडावर आपटले होते का, असे गिऱ्हाइकाला विचारा. अशा धक्क्याने फ्लायव्हीलची चावी कापली जाते आणि ठिणगी अवेळी पडते. तिथे नुसती दोरी बदलली तर ती पुन्हा तुटेल आणि बोल तुम्हाला लागेल.

दोरी बदलताना

प्लगची तार काढूनच कामाला हात घाला. झाकण उतरवा. स्प्रिंग शाबूत असेल, तर दोरी ओढल्यावर चरखी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने ती हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा. मग साधारण एक फेरी मागे सोडून चरखीचे भोक झाकणाच्या भोकासमोर आणा आणि चरखी पकडीने पक्की अडकवा. जुन्या दोरीइतक्याच जाडीची आणि लांबीची विणलेली नायलॉन दोरी घ्या. टोके आचेवर वितळवून घ्या, म्हणजे धागे सुटणार नाहीत. आत गाठ मारून दोरी बाहेर काढा, मूठ बांधा आणि चरखी हळूहळू सोडा.

आता दोन गोष्टी तपासा. मूठ झाकणाला टेकून बसली पाहिजे आणि दोरी पूर्ण ओढल्यावरही चरखी निदान अर्धी फेरी फिरली पाहिजे. ती फिरली नाही तर स्प्रिंगवर फाजील ताण येऊन ती तुटेल. झाकणाच्या भोकाची कडाही बोटाने चाचपून पाहा. ती खरखरीत असेल तर नवी दोरीही तिथेच कापली जाईल.

स्प्रिंगपासून सावध

आम्ही उमेदवारीच्या दिवसांत घाईने एक चरखी उचलली आणि आतली स्प्रिंग सापासारखी उसळून मनगटावर बसली. डोळा वाचला, हे नशीब. तेव्हापासून चष्मा आणि जाड हातमोजे घातल्याशिवाय आम्ही चरखी उचलत नाही. तुम्हीही उचलू नका आणि दुकानातल्या पोराला तर मुळीच उचलू देऊ नका. डोळा गेला तर आयुष्यभराची रोजी गेली. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत स्प्रिंग गंजते. म्हणून बसवताना तिला ग्रीसचा पातळ हात द्यावा. कुत्त्यांवर मात्र ग्रीस थापू नये, त्यावर माती चिकटते.

हिशेबाची गोष्ट

दोरीला फारसे मोल नाही. मोल आहे ते दोष ओळखण्याच्या नजरेला. ती मजुरी उघडपणे मागावी, त्यात लाज नाही. पण दोरी बदलून पूर्ण स्टार्टरचे पैसे घेऊ नयेत. जुना तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि काय बदलले ते पावतीवर लिहावे. जाताना माळ्याला दोन गोष्टी सांगाव्यात. दोरी आधी हळू ओढून ताण लागला की मगच सरळ रेषेत जोर द्यावा आणि मूठ हातातून झटकन सोडू नये.

आज विजेवर आणि बॅटरीवर चालणारी यंत्रे आली आहेत, त्यांना दोरी नसते. तरी जुनी इंजिने अजून पुष्कळ आहेत आणि ती जाणणारे हात कमी होत आहेत. ज्याच्या हातून यंत्र खात्रीने दुरुस्त होते, त्याचा पत्ता माळी दुसऱ्या माळ्याला आपणहून सांगतो.