राष्ट्रध्वज, तिरंगा आणि आज्जीचा बावटा

वडोदऱ्याच्या हरणी भागात माझी मावशी राहते. माहेर चिकोडी तालुक्यातलं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड अशा वातावरणात वाढलेली आणि लग्नानंतर चाळीस वर्षं गुजरातेत रमलेली. गेल्या वर्षी स्वातंत्र्यदिनाला मी तिच्याकडेच होतो. सकाळी सोसायटीच्या पटांगणात माणसं जमत होती. गुडघ्यांमुळे मावशीला खाली उतरवेना, म्हणून ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. तिनं सातवीतल्या नातवाला विचारलं, "बाळा, बावटा वर गेला का रे?"

नातू ओशाळला. हळूच म्हणाला, "आज्जी, बावटा काय म्हणतेस? राष्ट्रध्वज म्हणायचं. बाईंनी सांगितलंय."

मावशी गप्प झाली. आपण काहीतरी अडाण्यासारखं बोललो, असा भाव तिच्या चेहऱ्यावर आला. तेवढ्यात खालून सोसायटीच्या वयस्कर वॉचमननं वर बघत सांगितलं, "वावटो चढी गयो, बा!"

मला हसू आलं आणि बरंही वाटलं. मराठीत बावटा, गुजरातीत वावटो आणि आपल्याकडे कन्नडमध्ये बावुट! एकाच शब्दाची ही तीन भावंडं. मावशी ज्याला आपला गावठी शब्द समजून खजील झाली, तो तिच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही मुलखांत नांदतो आहे.

मग नातवाचं चुकलं का? मुळीच नाही. कायद्यातलं नाव 'भारतीय राष्ट्रध्वज' हेच आहे. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा आणि २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली ध्वजसंहिता, दोन्हींत हेच नाव येतं. नागरिकांची मूलभूत कर्तव्यं १९७६ च्या घटनादुरुस्तीनं संविधानात आली. त्यांतल्या पहिल्याच कर्तव्यात राष्ट्रध्वजाचा आदर सांगितला आहे. तेव्हा अर्जात, इतिवृत्तात, निमंत्रणपत्रिकेत, परीक्षेच्या पेपरात 'राष्ट्रध्वज' असंच लिहावं. मराठी-कन्नड घरांची इथं सोय अशी, की हा शब्द दोन्ही भाषांत अगदी सारखा आहे.

पण कागदावरचं नाव एक असलं, तरी माणसाला घरात वेगळ्या नावानं हाक मारतातच ना? 'तिरंगा' हे असंच हाकेचं नाव. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेनं जो ठराव मंजूर केला, त्यात ध्वजाचं वर्णनच तीन रंगांचा ध्वज असं आहे. पुढे २०२२ साली सरकारनं मोहीम काढली, तिचं नाव ठेवलं 'हर घर तिरंगा'. लोकांच्या तोंडचा शब्द असा सरकारी फलकावर जाऊन बसला.

'झेंडा' या शब्दाची कमाई तर त्याहून जुनी. १९२३ साली नागपुरात चरख्याचा ध्वज घेऊन निघणाऱ्या मिरवणुका पोलिसांनी अडवल्या. देशभरातून स्वयंसेवक आले आणि तुरुंगात गेले. जमनालाल बजाज यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रं हाती घेतली. हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या सेवा मंडळाचे स्वयंसेवकही त्यात होते. त्यांनी माफी मागितली नाही, म्हणून त्यांचं नाव झालं आणि त्याच वर्षी काकीनाडा काँग्रेसमध्ये सेवा दलाची वाट मोकळी झाली. मराठी माणूस या लढ्याला आजही 'झेंडा सत्याग्रह' म्हणतो. ज्या शब्दाखाली माणसं तुरुंगात गेली, तो कमी प्रतीचा कसा म्हणायचा?

काही ठिकाणी मात्र काटेकोर राहिलेलं बरं. वरच्या पट्ट्याला आपण सहज 'भगवा' म्हणतो. ठरावात इंग्रजी शब्दाशेजारी कंसात मुद्दाम 'केसरी' असं घातलेलं आहे. म्हणून मराठीत केशरी आणि कन्नडमध्ये केसरी म्हणावं. ध्वज वर चढवतात ते ध्वजारोहण. समोर उभे राहून आपण सगळे करतो ते ध्वजवंदन. रोजच्या बोलण्यातलं झेंडावंदन. पाहुण्यांच्या हस्ते होतं ते ध्वजारोहण, वंदन सर्वांचं.

वडोदऱ्याला हे शब्दांचं कौतुक नवं नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९३१ साली, तिथं 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा कोश निघाला. राज्यकारभारातल्या शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी अशा भाषांतले प्रतिशब्द त्यात शेजारी शेजारी दिले आहेत. कचेरीसाठी शब्द ठरवायचा, पण म्हणून शेजारच्या भाषेचा शब्द खोडायचा नाही, ही रीत त्यातून शिकण्यासारखी आहे.

आपल्या सीमाभागात तर झेंडा म्हटला की कुणाचा, कोणत्या रंगाचा, हा प्रश्न आधी उभा राहतो. अशा वेळी एवढं आठवावं : धारवाड जिल्ह्यातल्या गरगच्या मागांवर ध्वजाची खादी विणली गेली, हुबळीच्या बेंगेरीत आणि मराठवाड्यात नांदेडला खादी संस्थांनी ध्वज शिवले. कापडानं भाषा विचारली नाही.

आणि मान राखायचा तो शब्दापेक्षा वागण्यात. 'राष्ट्रध्वज' असा शुद्ध उच्चार करून सोळा तारखेला कागदी झेंडे गटाराकाठी टाकून देणारे थोडे नाहीत. ध्वजसंहिता सांगते, की कागदी ध्वज कार्यक्रमानंतर जमिनीवर फेकू नयेत. फाटलेला, मळलेला ध्वज खासगीत, मान राखून पूर्णपणे नष्ट करावा.

हे सगळं त्या दिवशी दुपारी जेवताना नातवाला सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. संध्याकाळी तो मित्रांबरोबर खाली गेला आणि पटांगणात पडलेले कागदी झेंडे गोळा करून आला. ओंजळ मावशीपुढे धरून म्हणाला, "आज्जी, हे बावटे कुठं ठेवू?"

"देवघराशेजारच्या फडताळात ठेव," मावशी म्हणाली, "आणि पेपरात राष्ट्रध्वजच लिही हो!"