तो मळ नव्हता



विषय जरा घरगुती आहे, पण आपल्यापैकी आणखी कुणाच्या घरात निघू शकेल म्हणून लिहिते.

गेल्या दिवाळीत सासूबाई इकडे होत्या. अभ्यंगस्नानाला त्यांनी आमच्या चिरंजीवांची (वय वर्षे 10) मान उटण्याने घासघास घासली. काळेपणा काही जाईना. "इकडची मुलं धड आंघोळ करत नाहीत" हा शेरा मी मुकाट्याने गिळला. जानेवारीच्या चेकअपला डॉक्टरीणबाईंनी तीच मान बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. इथे अमेरिकेत 9 ते 11 या वयात सगळ्याच मुलांचं कोलेस्टेरॉल एकदा तपासावं अशी 2011 ची शिफारस आहे, तेही त्यातच उरकलं.

एलडीएल 214! मुलांत ते 110 च्या आत हवं. ट्रायग्लिसराइड 186, एचडीएल 35, उपाशीपोटीचं इन्शुलिनही चढलेलं.

मी सगळा दोष पिझ्झाला देऊन मोकळी झाले. बाई म्हणाल्या, थांबा, ही दोन वेगळी दुखणी आहेत. एवढं एलडीएल नुसत्या खाण्याने होत नाही. रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर यकृताच्या पेशींवर असतात (ते शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं). जनुकातल्या दोषाने ते कमी पडले की जन्मापासून एलडीएल जास्त. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं. पण त्यात ट्रायग्लिसराइड सहसा वाढत नाही. ते वाढणं, एचडीएल घटणं आणि काळी मान ही इन्शुलिन रेझिस्टन्सची लक्षणं. त्याबाबतीत आपण भारतीय बदनामच. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 मधला फोटो आठवतो का? दोघांचा बीएमआय एकच, 22.3; पण चरबी युडकिनना 9.1 टक्के आणि याज्ञिकांना 21.2!

गंमत म्हणजे एक दुखणं दुसऱ्याला जन्म देत नाही. 2015 च्या डच अभ्यासात तर या आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाल्यांत मधुमेह त्यांच्या निरोगी नातेवाइकांपेक्षा कमीच दिसला. पण दोन्ही एकत्र आली की रक्तवाहिन्यांवर दुहेरी मारा. म्हणून उपायही दोन: एलडीएलसाठी स्टॅटिनची छोटी गोळी, आणि इन्शुलिनसाठी ज्यूस बंद, भात अर्धा, रोज तासभर घाम. स्टॅटिनने साखर किंचित वाढू शकते, म्हणून तीही तपासत राहायची.

दहा वर्षांच्या पोराला रोज गोळी! मी रडले, खोटं कशाला बोलू. पण लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या मुलांचा वीस वर्षांचा हिशेब 2019 मध्ये आला आहे. चाळिशीच्या आत हृदयविकार त्यांच्यात 1 टक्का, त्यांच्या आजारी आईवडिलांत 26 टक्के. तो आकडा वाचून मी गोळी आणली.

मग नवऱ्याची पाळी. "मी सडपातळ, मला काय होतंय?" रिपोर्ट आला, एलडीएल 241. टाचेमागची जाड शीर आम्ही क्रिकेटची दुखापत समजत होतो, तीही कोलेस्टेरॉलच निघाली. त्याचे मोठे भाऊ कोल्हापुरात 41 व्या वर्षी झोपेतच गेले. त्यांची दोन मुलं आहेत, आणि बापाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो यायची शक्यता निम्मी.

जाऊबाईंना फोन करायला मला चार दिवस लागले. सगळं ऐकून त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे ते रक्तातच होतं? मी उगाच त्यांना ऑफिसच्या वड्यांवरून बोलायची." आणि लगेच, "उपाशीपोटी न्यायचं ना? उद्याच नेते दोघांना."

थोरल्याचं सगळं ठीक निघालं. धाकटीचं एलडीएल 203. ती काडीसारखी आहे, मान लख्ख, ट्रायग्लिसराइड बेताचं.